दंतवैद्यकीय शिक्षणातील निदानविचाराच्या अध्यापन पद्धती : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात लातूरची ओळख ‘लातूर पॅटर्न’मुळे झाली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात ही पद्धती घडली, डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करणे, प्रश्नांचा वारंवार सराव आणि सराव परीक्षांतील चुकांची तपासणी ही तिची सूत्रे होत. पुढे नांदेडही प्रवेश परीक्षांच्या तयारीचे केंद्र बनले. या मुशीतून घडलेला विद्यार्थी दंत महाविद्यालयात रुग्णासमोर बसतो, तेव्हा तेथे प्रश्न छापलेला नसतो आणि पर्यायही नसतात. ही दरी कोणत्या अध्यापन पद्धतीने भरून निघेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक पद्धती

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानंतर १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली व देशभरातील अभ्यासक्रमास एकसारखे रूप आले. मराठवाड्यात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय दंत महाविद्यालय निघाले. लातूर व नांदेड येथे खासगी महाविद्यालये आली. सर्वत्र क्रम एकच राहिला : आधी व्याख्याने, मग प्रात्यक्षिक, नंतर रुग्णसेवा. दात काढणे, दात भरणे, कवळी बसवणे यांची ठरावीक संख्या विद्यार्थ्याने पूर्ण करावयाची असते. यामुळे हात तयार होतो, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. मात्र संख्या हाताच्या कामाची मोजली जाते. निर्णय कसा घेतला, याची नोंद होतेच असे नाही.

समस्याधिष्ठित पद्धती

१९६९ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने हा क्रम उलटा केला. आधी रुग्णाची समस्या, मग लहान गटात चर्चा व त्यातून अभ्यास. १९९० मध्ये स्वीडनमधील माल्मो येथील दंतविद्याशाखेने ही पद्धती स्वीकारली. तिला लहान गट व बरेच मार्गदर्शक लागतात. हीच तिची अडचण. शिवाय एल्स्टाईन, शुल्मन व स्प्राफ्का यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, एका रुग्णाचे निदान उत्तम करणारा दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाबाबत तितकाच यशस्वी होईल असे नाही. म्हणजेच केवळ विचारपद्धती शिकवून भागत नाही. विविध रुग्णांचा अनुभव अपरिहार्य ठरतो.

स्थानिक उदाहरण

‘दाढ दुखते, तोंड उघडत नाही’ अशी तक्रार घेऊन एखादा शेतमजूर येतो. अक्कलदाढेभोवतीची सूज असेल तर त्रास काही दिवसांचा असतो. परंतु तोंड अनेक महिन्यांपासून हळूहळू आखडत आले असेल, तिखट खाताना आग होत असेल, गालाच्या आत पांढुरकेपणा व घट्ट पट्टे हाताला लागत असतील, तर सबम्युकस फायब्रोसिसचा संशय घ्यावा लागतो. सुपारी व गुटख्याची चौकशी तेव्हा अनिवार्य ठरते. केवळ दाढ काढून रुग्णास परत पाठवले, तर विद्यार्थ्याच्या वहीत एक संख्या वाढते. पण पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारी अवस्था निसटते.

निष्कर्ष

या तुलनेतून दिसते की, व्याख्यान आणि समस्याधिष्ठित पद्धती यांतील एकाचीच निवड करणे आवश्यक नाही. या परिसराकडे सराव आणि चुकांची तपासणी ही परंपरा आधीपासूनच आहे. तिचा रोख छापील प्रश्नाकडून रुग्णाकडे वळवावा लागेल. प्रत्येक उपचाराआधी विद्यार्थ्याने संभाव्य निदाने व त्यांची कारणे लिहावीत आणि शिक्षकाने ती त्याच दिवशी तपासावीत. यास नवी इमारत लागत नाही. शिक्षकाचा वेळ मात्र लागतो, आणि तो वेळापत्रकात राखून ठेवणे ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे.