टेनेसीची दुसरी फळी

टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉलचा इतिहास बहुधा पॅट समिट यांच्या चरित्रासारखा सांगितला जातो. ते साहजिकही आहे. १९७४मध्ये अवघ्या २२व्या वर्षी त्यांनी संघ हाती घेतला तेव्हा पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश धुणे आणि सामन्यांना व्हॅन हाकत नेणे हीसुद्धा प्रशिक्षकाचीच कामे. पुढे ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे. पण पहिल्या अकरा हंगामांत, उपान्त्य-अंतिम फेऱ्या गाठूनही, विजेतेपद एकही नाही. १९८५मध्ये मिकी डीमॉस आणि टेनेसीचीच माजी खेळाडू हॉली वॉरलिक सहायक म्हणून आल्या. १९८७मध्ये पहिले विजेतेपद मिळाले. डीमॉस यांची ख्याती गुणी मुली हेरून त्यांना टेनेसीकडे वळवण्यासाठी होती, आणि संघ घडतो तो तिथेच.

यावर कोणी म्हणेल, खरे श्रेय १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याचे. शिक्षणात लिंगभेदाला त्याने बंदी केली, म्हणून महिलांच्या खेळात पैसा आला. बरोबर, पण कायदा सगळ्याच विद्यापीठांना लागू होता. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: समिट यांच्यानंतर वॉरलिक सात हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या, तरी संघ एकदाही अंतिम चारांत पोचला नाही. मग सहायकांचे मोल ते काय? माझ्या मते यातून एवढेच दिसते की सहायकाचे कसब निराळे असते. मुख्य खुर्चीत बसवून ते मोजता येत नाही.