मारिया झुबर

मारिया टी. झुबर (जन्म: २७ जून, १९५८) या अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ व ग्रहवैज्ञानिक आहेत. चंद्राच्या गुरुत्वक्षेत्राचा नकाशा तयार करणाऱ्या नासाच्या 'ग्रेल' मोहिमेच्या त्या प्रमुख संशोधक होत्या. नासाच्या ग्रहीय मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत त्या २०१३ ते २०२४ या काळात संशोधन विभागाच्या उपाध्यक्ष होत्या.

बालपण आणि शिक्षण

झुबर यांचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील कोळसा खाणींच्या प्रदेशात गेले. त्यांचे दोन्ही आजोबा खाणकामगार होते व दोघांनाही कोळशाच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार जडला होता. या पार्श्वभूमीचा उल्लेख त्यांनी पुढे ऊर्जा व हवामानविषयक चर्चांमध्ये केला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९८० मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी ब्राऊन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी (१९८३) व विद्यावाचस्पती पदवी (१९८६) मिळवली. नासाच्या गोडार्ड अवकाश केंद्रात संशोधन आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९९५ मध्ये त्या एमआयटीमध्ये रुजू झाल्या.

संशोधन

ग्रहाच्या पृष्ठभागाची उंचसखलता व त्याचे गुरुत्वाकर्षण यांवरून त्याच्या अंतर्भागाची रचना समजून घेणे, हे झुबर यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र आहे. पृष्ठभागावरील पर्वत व दऱ्यांमुळे गुरुत्वाकर्षणात किती फरक पडेल, हे उंचीच्या नकाशावरून काढता येते. प्रत्यक्ष मोजमापातून हा भाग वजा केला की, जो फरक उरतो तो कवचाची जाडी व आतील खडकांची घनता यांविषयी माहिती देतो.

'मार्स ग्लोबल सर्व्हेअर' या यानावरील लेझर उंचीमापकाच्या त्या उपप्रमुख संशोधक होत्या. डेव्हिड स्मिथ हे प्रमुख संशोधक होते. हे उपकरण मूळतः 'मार्स ऑब्झर्व्हर' यानासाठी बनवले होते. मंगळाजवळ पोहोचत असताना ऑगस्ट १९९३ मध्ये त्या यानाशी संपर्क तुटला आणि मोहीम संपुष्टात आली. उपकरणाची दुसरी प्रत नोव्हेंबर १९९६ मध्ये नव्या यानातून पाठवण्यात आली. २००१ पर्यंत तिने ६० कोटींहून अधिक मोजमापे घेतली. मंगळाचा दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा सुमारे ६ किलोमीटर उंच असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. मंगळावर पाणी वाहिले असल्यास त्याची दिशा ठरवण्यासाठी ही माहिती आवश्यक होती.

एरॉस लघुग्रह, बुध ग्रह आणि व्हेस्टा व सेरेस या खगोलांकडे गेलेल्या मोहिमांमध्येही त्यांचा सहभाग होता.

ग्रेल मोहीम

१० सप्टेंबर, २०११ रोजी केप कॅनाव्हरल येथून दोन जुळी याने प्रक्षेपित करण्यात आली. मोंटाना राज्यातील एका प्राथमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी सुचवलेली 'एब' (ओहोटी) व 'फ्लो' (भरती) ही नावे त्यांना देण्यात आली.

दोन्ही याने एकाच कक्षेत एकामागोमाग फिरत असत. पुढील यान जास्त वस्तुमानाच्या भागाजवळ आले की, ते किंचित पुढे ओढले जाई आणि दोन यानांमधील अंतर बदले. रेडिओ लहरींच्या साहाय्याने हा बदल मायक्रॉनच्या पातळीपर्यंत मोजला जात असे. चंद्राच्या पलीकडील बाजूस असलेल्या यानाचा पृथ्वीवरून थेट मागोवा घेता येत नसल्यामुळे त्या बाजूचे गुरुत्वक्षेत्र पूर्वी अस्पष्ट होते. ही अडचण या पद्धतीने दूर झाली.

चंद्राच्या कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर, म्हणजे पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी, असल्याचे ग्रेलने दाखवले. उल्कापातांच्या आघातांमुळे हे कवच खोलवर भंगलेले असून त्याची सरासरी सच्छिद्रता सुमारे १२ टक्के आहे. इंधन संपत आल्याने १७ डिसेंबर, २०१२ रोजी दोन्ही याने चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळील एका पर्वतावर हेतुतः आदळवण्यात आली. त्या जागेस अंतराळवीर सॅली राइड यांचे नाव देण्यात आले.

शैक्षणिक नेतृत्व

झुबर २००३ ते २०११ या काळात एमआयटीच्या पृथ्वी, वातावरण व ग्रहविज्ञान विभागाच्या प्रमुख होत्या. त्या संस्थेतील विज्ञान विभागाचे प्रमुखपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

२०१३ मध्ये उपाध्यक्ष झाल्यावर संस्थेच्या हवामानविषयक धोरणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २०१५ च्या हवामान कृती आराखड्यात जीवाश्म इंधन कंपन्यांमधील गुंतवणूक काढून न घेता त्यांच्यासोबत काम करण्याचा मार्ग संस्थेने स्वीकारला. या निर्णयाच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर धरणे धरले. झुबर यांच्याशी झालेल्या समझोत्यानंतर मार्च २०१६ मध्ये ते मागे घेण्यात आले. गुंतवणुकीचा निर्णय मात्र कायम राहिला. त्याच वर्षी 'वॉशिंग्टन पोस्ट'मधील लेखात त्यांनी कोळशामुळे होणारे उत्सर्जन रोखताना खाणकामगारांच्या वस्त्यांना वाऱ्यावर सोडू नये, अशी भूमिका मांडली.

एप्रिल २०१९ मध्ये हुआवे व झेडटीई या चिनी कंपन्यांशी नवे करार न करण्याचा निर्णय संस्थेने जाहीर केला. चीन, रशिया व सौदी अरेबिया यांच्याशी संबंधित प्रकल्पांसाठी अतिरिक्त छाननीही लागू करण्यात आली. मे २०२१ मध्ये संस्थेचा दुसरा हवामान आराखडा प्रसिद्ध झाला.

राष्ट्रीय जबाबदाऱ्या

२००४ मध्ये अमेरिकेच्या अवकाश संशोधन धोरणाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अध्यक्षीय आयोगाच्या त्या सदस्य होत्या. बराक ओबामा यांनी २०१३ मध्ये त्यांची नॅशनल सायन्स बोर्डावर नियुक्ती केली. २०१६ ते २०१८ या काळात त्या बोर्डाच्या अध्यक्ष होत्या. २०२१ मध्ये जो बायडेन यांनी त्यांना विज्ञान व तंत्रज्ञान सल्लागार परिषदेचे सहअध्यक्षपद दिले. रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नोल्ड आणि त्या, या पदावर आलेल्या पहिल्या दोन महिला होत. २०२२ मध्ये भारतीय वंशाच्या अभियंता आरती प्रभाकर याही परिषदेच्या सहअध्यक्ष झाल्या.

सन्मान

झुबर यांची २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. अमेरिकन भूभौतिकी संघाने २०१२ मध्ये त्यांना हॅरी हेस पदक प्रदान केले. '६६३५ झुबर' हा लघुग्रह त्यांच्या नावाने ओळखला जातो.