मोरचूद, चुना आणि द्राक्षचोर

पिकावर बुरशीनाशक फवारायला निघालेला शेतकरी 'विष टाकायला चाललो' असं कधी म्हणत नाही. 'औषध मारायला चाललो' असंच म्हणतो. आमच्या बजाजनगरात कारखान्यांत कामाला असलेल्या बऱ्याच मंडळींची गावाकडे शेती आहे, त्यामुळे हा शब्द इथेही कानावर पडतो. मी इतिहासाचा मास्तर. शब्दामागे काय दडलंय हे शोधायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. या 'औषधा'चं मूळ शोधू गेलो, तर ते वैद्याकडे नव्हे, द्राक्षचोराकडे सापडलं!

द्राक्ष आपल्या भागाला नवं नाही. इथून जवळच असलेल्या दौलताबादेत चौदाव्या शतकात इब्न बतूता येऊन गेला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. त्या बागाईतदारांना इतर रोगांनी छळलं असेल, पण ज्याला आज आपले शेतकरी 'डाऊनी' किंवा 'केवडा' म्हणतात, तो रोग तेव्हा समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या रानवेलींवर होता.

तो बाहेर पडला तो माणसाच्या हातानं. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेली मग फ्रान्समध्ये आणल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर डाऊनीही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये दिसला. एका संकटावरचा उपाय दुसरं संकट घेऊन आला. पुढची सगळी गोष्ट याच चालीची आहे.

१८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या एका बागेजवळून जात होते. सगळीकडे पानं गळलेली, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला आहे. विषारी दिसावं, चोरानं घाबरावं, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच आपलं बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, हे एक टक्क्याचं प्रमाण आजही पाठ असलेले शेतकरी आहेत. मिश्रणात विळा बुडवून पाहतात; पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला.

या औषधांचं मोल मी नाकारत नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडत गेला, तेव्हा हातात काहीच औषध नव्हतं. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. आपल्याकडे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कोवळी फूट निघते आणि नेमका त्याच वेळी कधी पाऊस येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या सुमारास आलेल्या पावसानं राज्यातल्या द्राक्षबागांची मोठी हानी केली. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला अशा वेळी 'फवारू नका' म्हणणं म्हणजे निर्दयपणा.

पण उपायाचा हिशेब कुणाच्या खात्यावर जातो, तेही पाहायला हवं. तांबं हा धातू आहे. तो कुजत नाही, वरच्या मातीत साचत राहतो आणि गांडुळांना त्रास देतो. म्हणून युरोपीय संघानं २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंपेक्षा जास्त तांबं वापरायला मनाई केली. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबं साचलेलं आढळलं. डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बाग वाचली, बागेत राबणारा खोकत राहिला.

मग नवी औषधं आली. वेलीच्या आत शिरून काम करणारं मेटॅलॅक्झिल १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. सगळ्यांना वाटलं, आता डाऊनी आणि करपा संपले. पण १९८० मध्येच बटाट्याच्या करप्यानं त्याला जुमानायचं सोडलं आणि ते घडलं पुन्हा आयर्लंडमध्ये व हॉलंडमध्ये. औषधानं मरतात त्या मरतात, उरतात त्या बुरशा औषध पचवणाऱ्या. तेव्हापासून मेटॅलॅक्झिलसोबत मॅन्कोझेब मिसळून विकू लागले. त्या मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघानं डिसेंबर २०२० मध्ये काढून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारनंही बंदीसाठी २७ रसायनांचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब होतं. २०२३ च्या अंतिम आदेशात मात्र त्यावर सरसकट बंदी आली नाही.

म्हणजे एकच द्राक्ष, ताटागणिक मोजमाप वेगळं. २००६-०७ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'ग्रेपनेट' आहे: बागेची नोंद, औषधांची नोंद, प्रयोगशाळेत औषधांच्या अंशाची तपासणी. ही शिस्त आपल्याच शेतकऱ्यांनी पाळून दाखवली. आमच्या चौकातल्या हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षांच्या वाट्याला मात्र अशी खेपेगणिक तपासणी येत नाही.

जालना जिल्ह्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याची द्राक्षबाग आहे. त्याला मी विचारलं, "कुठलं औषध कधी मारायचं, हे कोण सांगतं रे?" तो म्हणाला, "सर, पाऊस आला की दुकानदार सांगतो." "आणि फवारणाऱ्या गड्याला मास्क?" तो गप्प बसला. मीही ताणलं नाही. एकट्या त्याला उभं करून छडी मारावी, असा हा प्रश्न नाही.

आपल्या भाषेत 'औषध' हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यासोबत मात्रा येते, पथ्य येतं आणि वैद्य येतो. मात्रा म्हणजे डब्यावर लिहिलेलं प्रमाण. पथ्य म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस आणि पुन्हापुन्हा तेच औषध न मारणं. वैद्य म्हणजे ज्याला विक्रीत नफा नाही असा सल्लागार. ही तिन्ही गावोगावी पोचली, फवारणाऱ्याच्या तोंडावर मास्क आला आणि हातगाडीवरचा घड युरोपच्या घडासारखा तपासला गेला, तर त्या डब्याला मीही आनंदानं औषध म्हणेन. तोवर द्राक्षचोराला घाबरवायला निघालेली ती मेदोकची शेतकरी मंडळी मला अधिक प्रामाणिक वाटतात. आपण काय शिंपडतोय, हे त्यांनी निदान लपवलं नव्हतं.