भारतीय स्त्रियांची मताधिकार चळवळ

भारतीय स्त्रियांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मतदान करण्याचा व उमेदवार म्हणून उभे राहण्याचा हक्क मिळावा, यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेली चळवळ. पुरुषांशी बरोबरी एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहिली नाही. मताधिकाराचा मालमत्तेशी असलेला संबंध तोडावा, या मागणीपर्यंत ती पोहोचली. त्यामुळे भारतातील लोकशाहीच्या विकासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

१९१७ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे मार्गारेट कझिन्स, ॲनी बेझंट इत्यादींनी ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेऊन स्त्रियांना पुरुषांप्रमाणेच मताधिकार देण्याची मागणी केली. साउथबरो समितीने देशातील सामाजिक परिस्थितीचे कारण दाखवून ती अमान्य केली. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनी १९१९ मध्ये लंडनला जाऊन स्त्रियांची बाजू मांडली. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्यान्वये हा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपविण्यात आला. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. १९३० पर्यंत इतर प्रांतांनीही त्यांचे अनुकरण केले.

विधिमंडळाचे सदस्यत्व १९२६ मध्ये स्त्रियांना खुले झाले. त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढविली. त्या थोड्या मतांनी पराभूत झाल्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची त्याच विधिमंडळावर नियुक्ती झाली व पुढे त्या उपाध्यक्षा झाल्या. मुलींना देवदासी म्हणून वाहण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी तेथे ठराव मांडला.

तथापि मताधिकार सारा, कर किंवा मालमत्ता यांवर अवलंबून होता आणि स्त्रियांच्या नावे मालमत्ता क्वचितच असे. त्यामुळे कायद्यातील लिंगभेदाची अट दूर होऊनही बहुसंख्य स्त्रिया मतदानापासून वंचितच राहिल्या. पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीस मत द्यावे, अशी सूचना पुढे आली, तेव्हा अखिल भारतीय महिला परिषद (स्थापना १९२७, पुणे) व इतर संघटनांनी तिला विरोध केला. स्त्रीचे नागरिकत्व विवाहावर अवलंबून नसावे व प्रौढ मताधिकार हाच खरा उपाय होय, अशी त्यांची भूमिका होती. राखीव व जातीय मतदारसंघही त्यांना मान्य नव्हते. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी व बेगम शरीफा हमीद अली यांनी ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे ही भूमिका मांडली. १९३५ च्या कायद्याने मात्र पतीच्या पात्रतेची अट कायम ठेवली आणि प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी ४१ जागा जातवार विभागून राखून ठेवल्या. स्त्री-मतदारांची संख्या सुमारे ६० लाख झाली. पुरुष-मतदार सुमारे २ कोटी ९० लाख होते.

संविधान सभेत हंसा मेहता व रेणुका रे यांनी राखीव जागांऐवजी समान हक्कांचा पुरस्कार केला. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार प्रस्थापित झाला व चळवळीची मूळ मागणी मान्य झाली. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा माता एवढीच नोंद केली. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी स्त्रीची स्वतंत्र ओळख समाजानेही मानणे आवश्यक असते, हे यातून स्पष्ट झाले.

पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. प्रतिनिधित्वातील ही उणीव दीर्घकाळ टिकल्याने पूर्वी नाकारलेल्या राखीव जागांचा पुन्हा विचार झाला. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. लोकसभा व विधानसभा यांसाठी एक-तृतीयांश जागांची तरतूद २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने करण्यात आली. तिची अंमलबजावणी मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडण्यात आली.