प्रवासाची बांधाबांध आणि घरची खबर

एखाद्या काळातील सामान्य माणूस प्रवासास निघताना काय बांधून घेत असे हे समजले, म्हणजे त्या काळाची जेवढी ओळख पटते तेवढी राजांच्या सनावळीवरून पटत नाही. लढाया आणि तह इतिहासकार लिहून ठेवतात; गाठोड्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. ती इकडून तिकडून गोळा करावी लागते.

सोलापूर-पुणे हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. लोक तिला चिंचोळी एमआयडीसी म्हणूनच ओळखतात. तेथील कारखान्यातून पाळी संपवून मुंबईस आप्तांकडे निघणारा कामगार आज पाठीवरच्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड टाकतो आणि एकच वस्तू पुनःपुन्हा चाचपून पाहतो. ती वस्तू म्हणजे खिशातील मोबाईल. गाडीचे तिकीट त्यात, पैसे त्यात, घड्याळ, दिवा आणि नकाशाही त्यातच. चार्जर विसरला तर तो अर्ध्या वाटेवरून परत फिरेल. अंथरूण-पांघरूण विसरले असते तर त्याच्या आजोबांनी जे केले असते तेच हे होय.

आगगाडीपूर्वी या मुलखातून निघणाऱ्या माणसाची तयारी पंचांगापासून सुरू होई. दिशाशूळ नाही ना हे पाहायचे, मुहूर्त काढायचा; आणि मुहूर्त साधूनही घरची कामे उरकली नसतील तर 'प्रस्थान' ठेवायचे. म्हणजे सुपारी, तांदूळ आणि एखादे वस्त्र बांधून ते शेजाऱ्याच्या घरी ठेवून यायचे. प्रवास सुरू झाला असे शास्त्राने मानले, आणि माणूस मात्र पुढे दोन दिवस घरीच जेवीत राहिला! या युक्तीला हसण्याचे कारण नाही. ज्या प्रवासातून परत येण्याची खात्री नसे, त्याचा प्रारंभ तरी आपल्या स्वाधीन असावा असे माणसाला वाटणारच.

मग पडशी भरली जाई. धोतराचे पान, लोटी व दोरी, चकमक, कमरेला बांधण्याचा कसा आणि शिदोरी. सोलापूरकडची शिदोरी कोरड्या हवेला साजेशी असे. ज्वारीची कडक भाकरी दिवसच्या दिवस टिकते आणि शेंगदाण्याच्या चटणीला विटण्याचे भय नाही. बैलगाडीने सोलापुराहून पुण्यास जाण्यास आठ-दहा दिवस सहज लागत, तेव्हा टिकाऊपणा हाच त्या अन्नाचा मोठा गुण. रोख पैसा फार बाळगायचा नाही, मोठी रक्कम सावकाराच्या हुंडीने पाठवायची, आणि एकट्याने न जाता सोबत गाठून जायचे, हेही त्या तयारीतच मोडे. सोबत ही तर सर्वांत आवश्यक वस्तू होती. ती मिळेपर्यंत माणसे महिनामहिना थांबत.

1860 साली लोहमार्ग मोहोळवरून सोलापुरास पोहोचला. तरीही मुंबईचा प्रवास अखंड नव्हता. बोरघाटातील मार्ग 1863 साली खुला झाला; तोपर्यंत उतारूने घाटमाथ्यावर उतरावे, पालखीतून किंवा पायी घाट उतरून खाली दुसरी गाडी धरावी, असा प्रकार होता. पण आगगाडीने खरी उलथापालथ केली ती वेळेच्या बाबतीत. बैलगाडी माणसासाठी थांबे; आगगाडी थांबेना. घटका-पळे मोजणाऱ्या माणसाला मिनिटे मोजावी लागली, आणि खिशातील साखळीचे घड्याळ ही चैनीची वस्तू पाहता पाहता गरजेची झाली. त्यातही गोंधळ असा की, रेल्वे मद्रासची वेळ पाळी आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे असे. घरच्या घड्याळावर विसंबणाऱ्याची गाडी चुके. 1906 पासून सर्व देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबई शहराने मात्र 39 मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही! घड्याळासारखी निर्जीव वस्तूही माणसाच्या अभिमानाचा विषय होते ती अशी.

रुळांबरोबर गाठोड्याचेही रूप पालटले. पडशी जाऊन पत्र्याची ट्रंक आली, लोटीच्या जागी झाकण घट्ट बसणारा फिरकीचा तांब्या आला, चकमकीऐवजी काड्यांची पेटी आणि पलित्याऐवजी काचेचा कंदील. वळकटीत सोलापुरी चादर आली. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. हातमागांवर तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचे कसब होतेच. या दुपदरी विणीच्या चादरीचा लौकिक पुढे इतका वाढला की, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. अंथरायला तीच, पांघरायला तीच, आणि फलाटावर मूल निजवायलाही तीच.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चादरीवरची वेलबुट्टी जकार्ड मागावर उठते. त्या मागाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडलेली असते. भोक असेल तेथे ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तेथे तो खाली राहतो. ही योजना फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास सिद्ध झाली. तीच कल्पना घेऊन इंग्लंडात बॅबेज याने गणनयंत्राचा आराखडा आखला, आणि अमेरिकेच्या 1890 च्या खानेसुमारीत हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवरून माणसे मोजली. आजचा संगणक त्याच कुळातला, आणि खिशातील मोबाईल हा संगणकच. तेव्हा चिंचोळीचा कामगार पाठीवरच्या पिशवीत चादर आणि खिशात मोबाईल घेऊन निघतो, तेव्हा तो एकाच घराण्यातील पणजी व पणतू यांना बरोबर नेत असतो.

एवढे सर्व बदलले. पण घर सोडणाऱ्याच्या मागे जी माणसे राहत त्यांची तयारी कोणती? वस्तूंचा इतिहास येथे थांबतो आणि खबरीचा सुरू होतो.

1857 साली कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा भरपूर मिळणार, असे कानी आले होते. भिक्षुकाच्या पडशीत काय असणार? पोथी, सोवळे आणि आशा. महूच्या छावणीजवळ शिपायांच्या तोंडून बंडाची वार्ता समजली, आणि दक्षिणेसाठी निघालेला हा ब्राह्मण युद्धाच्या ऐन भोवऱ्यात सापडला. 1858 साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, पाण्याचे हाल, कत्तल आणि लूट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळवलेला पैसा गेला. हाती राहिली ती गंगोदकाची कावड. ती खांद्यावर वाहून त्यांनी घरी आणली आणि आईबापांना गंगास्नान घातले. घर सोडल्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या अवधीत वरसईच्या घरात किती वेळा अशुभ शंका आली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

विष्णुभटांनी वाटेत रोजनिशी ठेवली नव्हती. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, त्यांनी आठवून आठवून मोडीत सारे लिहून काढले. सरकारची धास्ती होती, म्हणून ते लिखाण पडून राहिले. 'माझा प्रवास' या नावाने ते 1907 साली छापले गेले तेव्हा लेखक हयात नव्हते. वैद्यांनी त्यात आपल्या हाताने पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित 1922 साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदारांनी ते 1966 साली जसेच्या तसे प्रसिद्ध केले. घरच्यांना सांगायच्या गोष्टीला जगापुढे यायला शंभरावर वर्षे लागली; पण ती आली. आज चिंचोळीचा प्रवासी तासातासाला घरी छायाचित्रे व निरोप धाडतो, आणि घरच्यांचा जीव खाली पडतो, हे लहान सुख नव्हे. मात्र यंत्र हरवले वा बदलले की, वेगळी तजवीज न केलेले निरोप बरेचदा त्याबरोबरच जातात. खबर इतकी स्वस्त झाली की, ती जपावी असे कोणास वाटेना. झाशीच्या वेढ्याचे एवढे तपशील आज ज्याच्यामुळे मिळतात, त्या भिक्षुकाजवळ मात्र बोरू आणि स्मरण यांखेरीज काही नव्हते.

टपालाने मधला काळ सुसह्य केला. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. पती गोपाळराव हे टपालखात्यातच नोकरीस होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. त्या संसाराचा पुढला बराच भाग पाकिटांतूनच चालला. बोटीवर शाकाहारामुळे खाण्याचे हाल झाले. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याला नऊवारी लुगडे पुरे पडेना. पोशाख आणि आहार बदलायचा नाही हा निश्चय त्यांनी सामानाबरोबर नेला होता, आणि त्याचे मोल प्रकृतीने चुकविले असे म्हणावे लागते. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. पत्रे जपून ठेवलेली होती म्हणूनच ते इतके जिवंत उतरले.

सोलापुराला या विषयाची सर्वांत जवळची आठवण आहे ती डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. 10 ऑक्टोबर 1910 रोजी त्यांचा जन्म सोलापुरात झाला. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर राष्ट्रीय सभेने तेथे वैद्यकीय पथक धाडण्याचे ठरविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोटीने निघाले. त्यांच्या बांधाबांधीत औषधे आणि शस्त्रक्रियेची साधने होती. परतीची मुदत मात्र अंदाजाचीच होती. चीनला पोहोचल्यावर थोड्याच काळात वडील वारल्याची बातमी कोटणीसांना समजली. परत जाण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. 1939 मध्ये हे पथक येनानला पोहोचले. पुढे इतर सहकारी एकेक करून मायदेशी आले, कोटणीस राहिले. रणभूमीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ते चिनी बोलू व लिहू लागले, आणि 1941 च्या जानेवारीत बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला.

युद्धाच्या धुमश्चक्रीतून घरी पत्र पोहोचणे म्हणजे दैवाचा खेळ. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्याचे नाव यिनह्वा. त्यातील पहिले अक्षर हिंदुस्थानाचे, दुसरे चीनचे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच न परतलेल्या एकाचा उल्लेख आहे. त्यावरून व्ही. शांतारामांनी 1946 साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, आणि घराघरांतून ते नाव पोहोचले. डॉ. बसूंनी चीनमध्ये ठेवलेली रोजनिशीही पुढे ग्रंथरूपाने छापली गेली.

सोलापुरातील कोटणीसांचे जन्मघर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी क्वो छिंगलान हिंदुस्थानात आल्या, आणि पतीच्या अखेरच्या वर्षांची हकिकत कोटणीसांच्या घरच्यांना त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाली.