खेळांचे पाठभेद

एखादी कृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेताना काय टिकते आणि काय सांडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एका यंत्रासाठी रचलेला व्हिडिओ गेम दुसऱ्या यंत्रावर चालवतानाही हाच प्रश्न उभा राहतो. दुसरे यंत्र दुबळे आणि खिशात मावणारे असेल, तर तो अधिकच टोकदार होतो. या प्रश्नाचा इतिहास एका उदाहरणाच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणे, याला संगणकशास्त्रात एम्युलेशन म्हणतात. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम ग्राहकांना टाकून द्यावे लागू नयेत, म्हणून तिच्यात ही सोय ठेवलेली होती. जुने लेखन नव्या यंत्रावर वाचता यावे ही गरज या तंत्राच्या मुळाशी आहे, हे आरंभीच लक्षात घेतलेले बरे.

आमचे उदाहरण निन्टेंडोच्या फॅमिकॉमचे आहे. हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये आले आणि पुढे अमेरिकेत एनईएस या नावाने गेले. आपल्याकडे १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून खेळला जाणारा, ‘कॅसेट’ बदलायचा व्हिडिओ गेम बहुधा या फॅमिकॉमचीच नक्कल असे. त्याचा प्रोसेसर ६५०२ या घराण्यातला आणि वेग १.७९ मेगाहर्ट्झ. २००१ साली निन्टेंडोनेच गेमबॉय अॅडव्हान्स हे हातातले यंत्र आणले. त्याच्या एआरएम प्रोसेसरचा वेग १६.७८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे नऊपट. लवकरच ‘पॉकेटएनईएस’ या हौशी प्रोग्रॅमने फॅमिकॉमचे खेळ या यंत्रावर आणले.

नऊपट वेग ऐकायला पुष्कळ वाटतो. हिशेब मांडला की तो अपुरा ठरतो. ६५०२च्या एका आज्ञेला दोन ते सात ठोके लागतात. त्यामुळे तिचे सोंग वठवायला नव्या यंत्राला साधारण वीस ते पासष्ट ठोके मिळतात. तेवढ्यात आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची आणि जुन्या यंत्राचे घड्याळ किती पुढे सरकले याची नोंद ठेवायची. चित्र आणि ध्वनी यांचा खर्च वेगळाच. हे सर्व सेकंदाला साठ चित्रांच्या गतीने चालले पाहिजे. वेगवान अंतर्गत स्मृती अवघी ३२ किलोबाइट. त्यामुळे गाभ्याची संहिता हाताने, एआरएमच्या असेंब्ली भाषेत, शब्द मोजून लिहावी लागे.

येथे घराण्याचे नाते कामी आले. १९८५ साली पहिली एआरएम चिप घडवणारे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे एकॉर्न कंपनीत ६५०२वर आधारलेल्या बीबीसी मायक्रोवर काम करून पुढे आलेले. वजाबाकीत हातचा नोंदवण्याची रीतही दोन्ही प्रोसेसरांत सारखीच आहे. शिवाय गेमबॉय अॅडव्हान्सही फॅमिकॉमप्रमाणे चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या फरशांनी रचतो, म्हणून प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे रंगवण्याचे श्रम वाचले. संस्कृतातून मराठीत अनुवाद करणाऱ्याला तत्सम शब्दांचा जसा आधार मिळतो, तसाच हा आधार होता.

तरीही सर्व काही मावेना. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० बिंदूंचे आणि नव्या यंत्राचा पडदा २४० बाय १६०चा. म्हणजे दर तीन आडव्या ओळींपैकी एक गाळायची, किंवा चित्राचा काही भाग पडद्याबाहेर ठेवायचा. ओळ गाळली की अक्षरांचे पाय तुटतात. भाग बाहेर ठेवला की गुणसंख्या किंवा शत्रू दिसत नाही. वेगासाठीही अशीच तडजोड करावी लागे. पुढच्या चित्राची वाट पाहत खेळ जिथे नुसता घुटमळतो, ती जागा हेरून एम्युलेटर ते घुटमळणे वगळून टाकी. बहुतेक खेळांत हे खपून जाई. ज्याची रचना काटेकोर वेळेवर उभी, तो खेळ मात्र कोलमडे.

२००४ साली निन्टेंडोने स्वतःच फॅमिकॉमचे निवडक खेळ गेमबॉय अॅडव्हान्सवर प्रसिद्ध केले. चित्र त्यांनाही उभ्या दिशेने दाबावे लागले. गंमत अशी की, हे खेळ इतर संगणकांवरच्या एम्युलेटरांत चालू नयेत म्हणून त्यांत मुद्दाम अडसर घातलेले होते. स्वतः सोंगावर उभ्या असलेल्या पाठाने आपले सोंग दुसऱ्या कोणी घेऊ नये, असा आग्रह धरावा, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

याच्या उलट टोकाला काटेकोरपणाचा पंथ आहे. सुपर एनईएसचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. ‘बीस्नेस’ या एम्युलेटरच्या कर्त्याने मात्र २०११ साली आर्स टेक्निकामध्ये असे प्रतिपादले की, त्याचे निर्दोष सोंग वठवण्यासाठी सुमारे ३ गिगाहर्ट्झची शक्ती हवी. वेग आठशेपटींहून अधिक! ही उधळपट्टी नव्हे. स्पीडी गोन्झालेसच्या एका खेळात यंत्राच्या रिकाम्या पत्त्यावरून वाचन होते आणि तारेवर उरलेल्या जुन्या मूल्यावर पुढची वाट अवलंबून असते. ही बारीक गोष्ट वगळणाऱ्या एम्युलेटरात खेळ तिथेच अडकतो. वाचकापुरते पाहिल्यास त्या ग्रंथाची शेवटची प्रकरणे गहाळच झाली.

वामन पंडितांची ‘समश्लोकी’ गीता आणि मोकळा भावानुवाद यांतला फरक आपण वर्गात शिकवतो. काटेकोर एम्युलेटर समश्लोकीच्या वाटेने जातो, लहान यंत्रावरचा एम्युलेटर भावानुवादाच्या. आमच्या मते यांपैकी एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवणे व्यर्थ आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती अभ्यासकासाठी अनिवार्य आहे. पण महाभारत लोकांत जिवंत राहिले ते कीर्तनकारांच्या मुखी.

हा केवळ हौसेचा विषय नाही. अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले. जुनी यंत्रे झिजत आहेत. उद्याच्या वाचकाच्या हाती जे येईल ते बहुतांशी सोंगच असेल. अशा वेळी गाळलेल्या ओळीपेक्षा मोठा धोका असतो तो ओळ गाळली आहे हे न सांगण्याचा. संक्षिप्त आवृत्ती काढावी. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द मात्र असावा. एवढी शिस्त पाळली, तर खिशातले दुबळे यंत्रही परंपरेचे प्रामाणिक वाहक ठरू शकते.