कपाळ झिजलेला पेशवा

बाजीराव म्हटलं की आधी घोडा आठवतो. खांद्यावर भाला टेकवून, चालत्या घोड्यावर कणसं हातानं चोळून दाणे खाणारा पेशवा. हे चित्र आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून भेटलेलं असतं. त्याला आधारही भक्कम आहे. १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षात, पेशवाईची वस्त्रं मिळाली. १७२८ ला पालखेडला निजामाची कोंडी, १७२९ ला बुंदेलखंडात छत्रसालाची सुटका, १७३७ च्या मार्चमध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर धडक आणि त्याच वर्षाच्या अखेरीला भोपाळपाशी पुन्हा निजामाची नाकेबंदी. हे सगळं चाळिशीच्या आत. एवढ्या घोडदौडीत हा गडी एक मोठी लढाई हरला नाही, असं अभिमानानं सांगितलं जातं.

पण मला आज बोलायचंय ते घोड्यावरून उतरलेल्या बाजीरावाबद्दल.

धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्यानं लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. ग्रँट डफनंही त्याची दखल घेतली. त्यात हा विजयी सेनापती म्हणतो की, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून आपल्या कपाळाची कातडी झिजली. कर्जापायी आपण नरकात पडलो आहोत. पत्र ज्यांना लिहिलं ते स्वामी नुसते गुरू नव्हते. त्यांनी पेशव्याला पैसे कर्जाऊ दिलेले होते. म्हणजे ही विनवणी गुरूपुढे होती तशी धनकोपुढेही होती.

जिंकणारा माणूस कर्जात कसा बुडतो? हिशेब सरळ होता. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला आलेला स्वार. त्याला रोख पैसा हवा. चौथ-सरदेशमुखीचे करार कागदावर होत, वसुली मागाहून होई आणि कित्येकदा ती अर्धीमुर्धीच हाती येई. मधल्या काळात फौज पोसायची ती सावकाराच्या पैशावर. जुनं देणं फेडायचं तर नवी मोहीम काढायची आणि नव्या मोहिमेला नवं कर्ज काढायचं. नर्मदा ओलांडण्याची जी धडाडी आपण वाचतो, तिच्या मागे पाठीला लागलेला सावकारही होता. साताऱ्यात प्रतिनिधींसारखे विरोधक ‘हा पोरगा राज्य बुडवणार’ म्हणायला टपलेलेच होते. १७३१ मध्ये डभईला सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले, तेव्हा तर स्वकीयांशीच तलवार चालवावी लागली होती.

याच माणसाच्या आयुष्यात मस्तानी आली. ती छत्रसालाची, त्याच्या मुसलमान राणीपासून झालेली मुलगी, ही सर्वांत रूढ हकिकत. कुणी तिला कलावंतीण ठरवलं, कुणी आणखी काही. तिचे वडील कोण, यावर आपण जेवढी शाई खर्च केली तेवढी तिचं पुढं काय झालं यावर केली नाही, अशी माझी तक्रार आहे. पुण्याच्या कागदांत तिचं नाव प्रथम येतं ते १७३० च्या जानेवारीत, नानासाहेबांच्या लग्नाच्या वेळी. त्याच महिन्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. वाड्याच्या एका दरवाजाला तिचं नाव मिळालं, पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिला मिळाली. कोथरूडला तिच्यासाठी महाल उभा राहिला. त्याचे अवशेष आज पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात.

१७३४ साली बाजीरावाला दोन मुलगे झाले. काशीबाईंच्या पोटी रघुनाथ आणि मस्तानीच्या पोटी समशेर. समशेरला कृष्णराव नाव देऊन त्याची मुंज करावी अशी बाजीरावाची इच्छा होती आणि ब्रह्मवृंदानं ती मानली नाही, असं परंपरेनं सांगतात. रघुनाथची मुंज मात्र रीतीप्रमाणे व्हायची होती. १७४० च्या आरंभी ती ठरली. चिमाजीअप्पांचा मुलगा सदाशिव, त्याचं लग्नही त्याच सुमारास होतं. घरात मंगलकार्यं आणि घराचा कर्ता पुरुष पुरोहितांच्या नजरेत दोषी! त्याच्या खाण्यापिण्याचं खापरही मस्तानीच्या माथी फुटलं होतं.

यापुढची हकिकत वाचताना मला त्रास होतो. १७३९ च्या उत्तरार्धात मस्तानी पुण्यातल्या नजरकैदेतून निसटून पाटसला बाजीरावाकडे गेली. तिथून तिला परत धाडण्यात आलं आणि पुन्हा अडकवण्यात आलं. पहारा बसवणारे कोण? पोटचा मुलगा नानासाहेब आणि पाठचा भाऊ चिमाजी. ज्या चिमाजीअप्पांनी त्याच वर्षी वसई घेतली, ते अप्पा. साताऱ्याला खुद्द शाहू महाराजांना हा प्रकार पसंत नव्हता. गोविंदराव चिटणिसांनी महाराजांचं मत कळवलं, त्याचा आशय असा की बाईंना जबरीनं अडकवून राऊंचं मन दुखवू नये, त्यांना संतुष्ट ठेवावं. छत्रपतींचा कौल असा असूनही पहारा उठला नाही.

मग बाजीरावानं काय केलं? काहीही नाही. निजामाला माळव्याचा मुलूख लिहून द्यायला लावणारा पेशवा स्वतःच्या वाड्यातल्या एका खोलीचं कुलूप काढू शकला नाही. नाटक-कादंबऱ्यांनी याला प्रेमभंगाचा साज चढवला. मला त्यात वेगळं काही दिसतं. त्याची सगळी सत्ता ज्यांच्यावर उभी होती तीच माणसं त्याच्या विरुद्ध होती. अप्पा नसते तर कोकण नव्हतं, पैशाची जुळवाजुळव नव्हती. नानासाहेब पुढचा पेशवा. मातुःश्री राधाबाई म्हणजे घराची पत. ज्या ब्राह्मण समाजात मुलांच्या सोयरिकी करायच्या, त्यानंच वाळीत टाकलं तर? निजामाशी भांडता येतं, कारण तो परका. आईशी, भावाशी आणि मुलाशी कुठल्या मैदानात भांडायचं? आणि हे तिघं आपल्या भल्यासाठीच करताहेत, असं कुठंतरी वाटत असेल तर माणूस अर्धा तिथंच हरतो. पत्राविना हे सिद्ध करता येणार नाही, पण त्याचं गप्प राहणं मला तसंच वाटतं.

हे म्हणताना काशीबाईंना विसरून चालणार नाही. या कथेत त्यांच्या बाजूनं कुणी उभं राहत नाही. सवतीचं दुःख त्यांनाही होतंच की!

बाजीराव त्या वेळी गोदावरीकाठी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढत होता. फेब्रुवारी १७४० मध्ये तह झाला, हंडिया आणि खरगोण पदरात पडलं. तह झाला आणि भाऊ एकमेकांचा निरोप घेऊन दोन वाटांना लागले. मार्चमध्ये चिमाजीअप्पांनी नानासाहेबांना जे पत्र लिहिलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं आहे. राऊंकडून निरोपानंतर पत्र नाही, त्यांचं चित्त ठिकाणावर नाही, ते शांत करण्याचा शक्य तेवढा प्रयत्न केला, पण ईश्वराच्या मनात काय आहे कळत नाही. पुण्याला परतल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावं. पहारा बसवणाऱ्याचाच धीर सुटला होता. भावाला शत्रूपासून नव्हे, तर आपल्यापासूनच धोका झालाय, हे अप्पांना उमगलं असावं.

पण पाठवायला वेळच उरला नाही. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला ज्वरानं बाजीराव गेला. वय एकोणचाळीस. जवळ काशीबाई आणि धाकटा जनार्दन होते. २०१५ च्या सिनेमातला बाजीराव भासातल्या शत्रूंवर तलवार चालवत मरतो. खरा बाजीराव लढाई नसताना, तह झालेल्या मुलखात, तापात गेला. मस्तानीही पाठोपाठ गेली. कशानं, यावर एकमत नाही. तिची कबर पाबळला आहे. आणि त्याच डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले.

मागं सहा वर्षांचा समशेर राहिला. त्याला वाढवलं काशीबाईंनी. आमच्या घरातही मराठीत बोलत, उर्दूत दुवा मागत मुलं वाढली, म्हणून असेल, पण या पोराबद्दल मला नेहमी कुतूहल वाटत आलंय. जानवं न मिळालेला हा मुलगा पेशव्यांच्या फौजेत सरदार झाला. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर होता. त्या दिवशी फौजेचे मुख्य होते सदाशिवरावभाऊ. ज्यांच्या लग्नाच्या दिवसांत समशेरची आई कोंडलेली होती, तेच. जखमी समशेर बहादूर जाटांच्या मुलखात डीगपर्यंत पोचला आणि तिथं वारला. त्याची कबर भरतपूरला आहे. त्याचा मुलगा अलीबहादूर पुढं बुंदेलखंडात, आजीच्या माहेरच्या मुलखात गेला आणि त्याच्यापासून बांद्याच्या नवाबांचं घराणं सुरू झालं. १८५७ साली त्याच घराण्यातला दुसरा अलीबहादूर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, गादी गमावून इंदूरला गेला, आणि १८७३ मध्ये निवर्तला.